ऑक्टोबर छाटणीपर्यंत

बीटाचा, म्हणजे आयव्हीएफनंतर दिवस राहिले की नाही हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हल्ली मोबाइलवर येतो. लॅबवाल्यांनी पाठवलेल्या पीडीएफमध्ये आकडा होता १.२. पाचच्या आत म्हणजे दिवस राहिलेले नाहीत, हे एव्हाना तोंडपाठ झालेलं. पीडीएफ बंद करते न करते तोच हॉस्पिटलचा मेसेज आला: औषधं थांबवावीत, पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला यावं, पुढच्या सायकलचं, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेरीचं, नियोजन करू. खाली हात जोडल्याची खूण.

हे दोन मेसेज असे पाठोपाठ आले याचा राग मला बरेच दिवस पुरला. डॉक्टरांची घाई खोटी नसते, हे मला मान्य आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि नव्याने एकही तयार होत नाही. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला ‘निवांत विचार करा’ म्हणणारा डॉक्टर मला तरी भरवशाचा वाटला नसता. पण ही घाई वर्षाची असते, आठवड्याची नव्हे. एक-दोन पाळ्या गेल्याने सहसा काही बिघडत नाही, एक-दोन वर्षं गेली तर बिघडतं. हा फरक आम्हाला आपणहून कुणी सांगितला नाही. डॉक्टरांनाच सरळ विचारलं तेव्हा त्यांनी लगेच कबूल केला. “तीन महिन्यांनी आलात तरी चालेल,” म्हणाले. मग तो मेसेज? तर म्हणे, तो सिस्टीममधून आपोआप जातो.

शरीराला मात्र सिस्टीम नसते. प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं तेलातली असतात, ती कमरेखाली टोचली की गाठी धरतात. निकाल लागून गेला तरी माझ्या गाठी जिरायला वेळ लागला. पतसंस्थेत काउंटरवर मी एका अंगावर कलून बसायचे. शेजारच्या मॅडम विचारायच्या, “कंबर धरली का हो?” मी हो म्हणायचे. ड्रॉवरमध्ये गर्भाचा फोटो होता. ट्रान्सफरच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला गर्भ गर्भाशयात सोडायच्या, दिवशी देतात ना, तो. करड्या रंगाचा गोल, आत एका बाजूला पेशींचा पुंजका, खाली छापलेलं ‘४एबी’. आकडा गर्भ किती फुललाय त्याचा, पहिलं अक्षर ज्यातून बाळ होतं त्या पेशींचं, दुसरं ज्यातून वार होते त्या पेशींचं. त्या कागदाचं काय करायचं हे कुठल्याच सूचनापत्रात लिहिलेलं नव्हतं. कर्जखात्यांच्या फायली लावताना तो दर वेळी हाताला लागायचा आणि मी तो परत तिथेच ठेवायचे.

पुढच्या सायकलची तारीख न घेता आम्ही डॉक्टरांची वेळ मागितली, फक्त प्रश्न विचारायला. आमच्याकडे याची पद्धत नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वानलेस साहेबांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून माणसं इथे गाडी भरून येतात. डॉक्टर म्हणजे देवमाणूस हा समज सांगली-मिरजेच्या पाण्यातच आहे. देवमाणसाला प्रश्न विचारायचे नसतात, पाया पडून बाहेर यायचं असतं. तरी नवऱ्याने वहीच्या पानावर यादी केली. बीजं किती निघाली, त्यांतली पक्व किती, फलित किती झाली, पाचव्या दिवसापर्यंत किती टिकली. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी किती होती. शुक्राणूंची मोजणी झाली, पण त्यांच्या डीएनएची तपासणी करायची गरज आहे का. थायरॉइडची शेवटची तपासणी कधीची. आणि फाइलची झेरॉक्स. ही शेवटची मागणी ऐकून काउंटरवरच्या मुलीने आधी आमच्याकडे आणि मग आतल्या दाराकडे बघितलं. झेरॉक्स मिळाली. फाइल आपली असते, मागायला लाजू नये.

का झालं नाही, याचं उत्तर मिळालं ते असं: बहुतेक वेळा गर्भातच गुणसूत्रांचा हिशोब चुकलेला असतो, बाईचं वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं, आणि नुसत्या डोळ्यांना चांगला दिसणारा गर्भही आतून तसा असू शकतो. मी जिने चढले म्हणून नव्हे, स्कूटरवर बसले म्हणून नव्हे, लग्नाच्या पंगतीत पपईची फोड खाल्ली म्हणून तर नव्हेच. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे मी घरी येऊन दोनदा सांगितलं. ट्रान्सफरनंतर त्यांनी मला पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. पडून राहिल्याने गर्भ रुजतो असं काही नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टर पुरुष हाय.” यावर काय बोलणार!

मग डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. ‘पुढच्या वेळी’ करायच्या जादा गोष्टी: गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडे काढणं, म्हणजे स्क्रॅचिंग, रोपणाची नेमकी वेळ सांगते म्हणतात ती ईआरए चाचणी, आणि गर्भाची गुणसूत्र तपासणी. प्रत्येकापुढे रक्कम. तो कागद घेऊन आम्ही घरी आलो आणि जमेल तसं वाचलं. स्क्रॅचिंगची मोठी चाचणी २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली आहे, तेराशेहून जास्त बायकांवरची. ओरखडे काढलेल्या गटात मूल जन्माला येण्याचं प्रमाण २६.१ टक्के. न काढलेल्या गटात? २६.१ टक्के. दशांशासकट तेच. ईआरएच्या मदतीने वेळ ठरवली तर जास्त मुलं जन्मतात का, याचं उत्तर २०२२ साली जामा या नियतकालिकात आलं: नाही. गुणसूत्र तपासणीचं थोडं वेगळं. ती काही जणींच्या उपयोगी पडते, पण ती गर्भ सुधारत नाही, असलेल्यांतून निवडायला मदत करते. निवडायला एकाहून जास्त हवेत. आमच्याकडे गोठवलेला एकच होता. कागदावरच्या तिन्ही ओळी आम्ही खोडल्या, आणि डॉक्टर रागावले नाहीत. पेशंट काहीतरी करा म्हणतात म्हणून आम्हीही लिहितो, असं काहीसं पुटपुटले. ते मला खरं वाटलं. रिकाम्या हाताने घरी जायला कुणालाच आवडत नाही.

सांगली-मिरज रस्त्याने जाताना फलक दिसतात, गुटगुटीत बाळाचा फोटो आणि यशाची टक्केवारी. टक्के कशाचे, हे त्यावर नसतं. बीटा पॉझिटिव्ह आल्याचे, की मूल हातात आल्याचे? कुठल्या वयाच्या बायकांचे? ब्रिटनमध्ये यासाठी सरकारने नेमलेली संस्था आहे, ती देशभरातले आकडे वयाप्रमाणे जाहीर करते. तिच्या २०२२च्या आकड्यांत १८ ते ३४ वयाच्या बायकांमध्ये ट्रान्सफर केलेल्या दर गर्भामागे मूल जन्मण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे, ४३-४४ वयाला ते ५ टक्क्यांवर येतं. म्हणजे अगदी तरुण बाईलासुद्धा एका ट्रान्सफरनंतर ‘नाही’ हेच उत्तर जास्त वेळा मिळतं. फलकावर हे लिहिलं तर कोण येईल? पण सुरुवातीला कुणी समोर बसवून सांगितलं असतं, तर त्या १.२ने मी एवढी कोसळले नसते असं वाटतं. किंवा कोसळलेच असते. ठाऊक नाही.

याच वाचनात इंग्लंडमधल्या ओल्डहॅमचा किस्सा सापडला. लुईस ब्राऊन ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी, २५ जुलै १९७८. एवढं आम्हाला शाळेत असल्यापासून माहीत. तिच्या आधीच्या नऊ वर्षांत हे प्रयोग करणाऱ्या एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्याकडे २८२ बायका उपचाराला आल्या होत्या. त्यांतून ११२ वेळा गर्भ सोडला गेला, पाच वेळा दिवस राहिले आणि मुलं जन्मली दोन, लुईस धरून. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं. उरलेल्या दोनशे ऐंशीजणी आपापल्या घरी गेल्या. त्यांनी पुढे काय ठरवलं असेल, याची कुणी वही ठेवली नाही. मला त्या काळात लुईसच्या आईपेक्षा त्यांच्याशी बोलावंसं वाटत होतं.

श्रावणात मामा आले. मामा म्हणजे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग. या विषयावर ते माझ्याशी आजवर एक शब्द बोललेले नव्हते. आत्या स्वयंपाकघरात गेल्या तसे खुर्ची ओढून बसले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मागल्या साली आपला घड जिरला का न्हाई? जिरला. म्हणून काय बाग काढून टाकली व्हय?”

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते, आणि त्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच घड आतल्या आत धरतो. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी केली की तो बाहेर पडतो. मे-जूनमध्ये आभाळ भरलेलं राहिलं, ऊन लागलं नाही, वेलीत अन्न साठलं नाही, तर ऑक्टोबरनंतर घड निघतो न निघतो आणि त्याची बाळी, म्हणजे बिनमण्यांचा नुसता दोरा, होते. दोष शोधायचा तो सहा महिने मागे जाऊन. म्हणून हल्ली शेतकरी छाटणीआधी काड्या लॅबमध्ये नेतात. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड बघतात. चिरलेला डोळा अर्थातच कामातून जातो, पण वेलीवर डोळ्यांना तोटा नसतो.

मामांना मी काही बोलले नाही, पण मनात उत्तर तयार होतं. वेलीला दर एप्रिल नवा असतो, मामा. मला तसं नाही. आणि बाग काढून टाकणारेही तुमच्याच गावात आहेत की. दोन हंगाम कर्जात गेले आणि त्यांनी ऊस लावला. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही. पण मामांच्या बोलण्यातून एक गोष्ट मी घेतली. घड जिरलेला दिसला त्या दिवशी ते बागेत कुऱ्हाड घेऊन जात नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवी रोपंही आणत नाहीत. जे काय ठरवायचं ते छाटणीला. शिवाय मागे जाऊन बघण्याची गोष्ट माणसालाही लागू आहे. उपचारात हाती येणारं बीज त्याच्या आधीचे जवळजवळ तीन महिने वाढत असतं, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तेव्हा मधले महिने फुकट जात नाहीत. फॉलिक ॲसिड, थायरॉइडची गोळी वेळेवर, चालणं. आणि नवऱ्याचा मावा. लग्नाच्या आधीपासून सुटत नव्हता तो या कारणाने सुटला. उपचारातून आजवर पदरात पडलेली ती एकमेव ठोस गोष्ट.

तर आम्हीही मुदत घातली: ऑक्टोबर छाटणीपर्यंत. तोवर कुणाला उत्तर द्यायचं नाही, एकमेकांनासुद्धा.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात खोल असं काही नाही, नुसता ताण आहे. एका सायकलला दीड-दोन लाख लागतात, औषधं धरून त्याहून वर जातं, आणि आमच्या विमा पॉलिसीत हे बसत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या अर्जावर ‘परतफेडीची क्षमता’ या रकान्यात शेरा लिहिते. स्वतःचा अर्ज लिहायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं आम्ही ठरवलं. सोनं मोडायचं नाही, जमिनीला हात लावायचा नाही. हे ठरवायला पाच मिनिटं लागली. बाकी सगळ्याला महिने.

घरात आत्या असल्यामुळे बोलायला जागा नव्हती. विश्रामबागेतून स्कूटर काढायची आणि हरिपूरला जायचं, हा आमचा लग्न ठरल्यापासूनचा उद्योग. चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता, पुढे संगमेश्वराचं देऊळ, खाली घाटावर वारणा कृष्णेला मिळते. पुराचं पाणी ओसरून पायऱ्यांवर गाळ बसला होता. श्रावणी सोमवारची गर्दी टाळून आम्ही मंगळवारी गेलो. नवरा बराच वेळ गाळात काडीने रेघा ओढत होता. मग म्हणाला, “मला त्या हॉस्पिटलात तीनच कामांसाठी हाक मारतात. सही, पैसे आणि ती डबी. त्या दिवशी रिपोर्ट आल्यावर सगळ्यांनी फोन करून मला विचारलं, ती कशी आहे. बरोबरच आहे. पण मला कसं वाटतंय हे कुणाला सुचलंच नाही गं.”

मला तरी कुठे सुचलं होतं.

मग त्याने ते विचारलं. “समजा, नाहीच झालं. तर आपण दोघं काय करणार? एकदा नीट बोलू या का?”

मला आधी रागच आला. याने सोडून दिलं, असं वाटलं. पण घरी परतताना आणि नंतरच्या आठवड्यांत मला पटत गेलं की हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा होता. आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्यापुढे रांगेने दारं असतात: आणखी एक सायकल, मग डोनर, मग सरोगसी, मग दत्तक. एक बंद झालं की पुढचं. थांबणं हे दार त्यात कुणी धरतच नाही. तो पराभव समजला जातो, सगळं संपल्यावर आपोआप येणारा. आणि ते धरलेलं नसतं म्हणूनच बाकीच्या दारांतून आपण निवड करत नसतो, मागून लोटल्यासारखे नुसते पुढे जात असतो. दोघांनीच राहायचं हेही एक आयुष्य आहे, त्यात काय असेल आणि काय नसेल हे डोळ्यांसमोर आणलं, तरच ‘अजून एकदा करू’ या म्हणण्याला वजन येतं.

आम्ही ते आणून बघितलं. काय सलेल? बारशाची आमंत्रणं. मला दिलेली आणि मुद्दाम न दिलेली, दोन्ही. गौरीच्या हळदीकुंकवाला ओटी भरताना थबकणारा हात. काय चालेल? बरंच काही. आम्हाला एकमेकांचा कंटाळा येत नाही, ही छोटी गोष्ट नव्हे. ‘म्हातारपणी कोण बघणार?’ हा सगळ्यांचा हुकमी प्रश्न. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत सत्तरीचं जोडपं, पोरं पुण्यात नाहीतर परदेशात, आणि औषध आणून द्यायला वरच्या खोलीत भाड्याने राहणारा कॉलेजचा मुलगा. तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर मूल असलेल्यांनाही द्यावंच लागतं.

डोनर बीजाचा विषय डॉक्टरांनी काढला होता. कायदा आता स्पष्ट आहे. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा २०२१चा एआरटी कायदा, २५ जानेवारी २०२२पासून लागू. बीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच देऊ शकते, तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घ्यायची नाहीत. जन्मलेलं मूल कायद्याने जोडप्याचंच. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण ते गुपित ठेवावं लागेल असं घरच्यांचं वळण, आणि मला गुपितं सांभाळता येत नाहीत. सरोगसीचा विचार आम्ही केलाच नाही. माझ्या गर्भाशयात दोष निघालेला नाही आणि कायद्याने ती आता फक्त परोपकारापोटीच करता येते, विकत नाही. आमच्यासाठी तो रस्ता नव्हता.

एका दूरच्या काकूंनी मात्र फोनवर सल्ला दिला: एवढा खर्च करताच आहात तर मुलगाच करून घ्या, त्यात निवडता येतं म्हणे. निवडता येत नाही, काकू, तो गुन्हा आहे. १९९४चा कायदा आहे आणि गर्भ राहण्याआधीची निवडही त्यात धरलेली आहे. आपल्याच मिरज तालुक्यात म्हैसाळला २०१७ साली ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ निघाले होते. मी त्या बातमीच्या वेळी नवी नवरी होते, जेवण गेलं नव्हतं. ज्या तालुक्यात मी एका गर्भाच्या फोटोशी बोलते त्याच तालुक्यातली ही गोष्ट. फोन मी ठेवून दिला, रेंज गेली असं नंतर कळवलं.

सगळ्यात अवघड प्रसंग घरातच आला. माझ्या जावेला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, पाचवा महिना. गावी गेलो असताना दुपारी आत्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. “धाकटीचं हे दुसरं थोरल्यांनी घ्यावं. घरचंच रक्त, घरातच ऱ्हाईल.” आत्या वाईट नाहीत. त्या ज्या मुलखात वाढल्या तिथे दत्तक म्हणजे हेच. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापुरात दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर १८७५ साली बडोद्याला सयाजीराव झाला. साताऱ्याची गादी तर १८४८ साली दत्तक नामंजूर म्हणूनच इंग्रजांनी गिळली. भाऊबंदांतलं मूल घ्यायचं, गादी नाहीतर सातबारा चालवायचा. आजही १९५६च्या कायद्याने असं दत्तक देता-घेता येतं. दत्तहोम केलाच पाहिजे असंही नाही, मूल प्रत्यक्ष दिलं आणि घेतलं पाहिजे.

आत्या हे बोलल्या तेव्हा जाऊ भाकरी थापत होती. तिचा हात पिठावर थांबला. परातीतली भाकरी कडेने चिरत गेली, तिने ती मोडली, पीठ पुन्हा मळलं आणि परत थापायला घेतली. दीर अंगणात निघून गेला. मी म्हणाले, “आत्या, ते नंतर बोलू.”

संध्याकाळी भांडी लावताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर. खाली बघत म्हणाली, “अक्का, तुम्ही मागितलंत तर मला न्हाई म्हणता येणार न्हाई. म्हणून मागू नका.”

एवढं धीट वाक्य माझ्याच्याने आयुष्यात बोलवलं गेलं नसतं. मी तिला सांगितलं, नाही मागणार. आणि पुढे, त्याच दिवशी, आत्यांनाही सांगितलं. मूल देणारी बाई दर सणावाराला त्याच चुलीपुढे बसणार, मूल तिला काकू म्हणणार, आणि ते रडलं की कुणी उठायचं यावर दोघींच्या पायांना दर वेळी निर्णय घ्यावा लागणार. राजवाड्यांत हे निभत असेल. आमचं स्वयंपाकघर दहा बाय बाराचं आहे.

राहतो तो दत्तकाचा सरकारी रस्ता. कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी, जिल्ह्यातल्या बाल संरक्षण कक्षाकडून माहिती, समाजसेविकेची गृहभेट, तिचा अहवाल. लग्नाला निदान दोन वर्षं झालेली हवीत. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तान्ह्या बाळासाठी थांबावं लागतं ते तीन वर्षांच्या पुढेच. लोक ‘नाहीतर दत्तक घ्या की’ म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, ते दुकानात तयार असतं. मुळात ‘नाहीतर’ या शब्दावरून ज्या मुलाची सुरुवात होते, त्याच्यावर तो पहिलाच अन्याय.

ओळखीतल्या एका समाजसेविका बाईंकडे जाऊन बसलो. त्यांनी माहिती कमी दिली, प्रश्नच जास्त विचारले. मूल सावळं असेल, चार वर्षांचं असेल, हिंदीत बोलत असेल, तर? बाजारात कुणी विचारलं, कुणावर गेलंय हो, तर काय सांगाल? त्याला तो दत्तक आहे हे कधी सांगाल? नवरा म्हणाला, मोठा झाल्यावर. त्या म्हणाल्या, नाही, पहिल्या दिवसापासून, गोष्टीतून, त्याला शब्द कळायच्या आधीपासून. आणि मग मला: “तुमचं त्या एका गर्भावर अजून मन आहे ना? आधी ते होऊ दे. एका हातात ते धरून दुसऱ्या हाताने हे घेऊ नका.” त्यांच्या या एका वाक्याने आमचे बरेच फेरे वाचले.

परवा गावाकडे छाटणी झाली. आमचंही ठरलं आहे. गोठवलेला गर्भ दिवाळीनंतर सोडायचा. कायद्याने तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, पण एवढं ताटकळत आम्हाला जगायचं नाही. नव्याने बीजं काढायची नाहीत, हा उपचार इथे थांबेल, बीटा काहीही येवो. ‘नाही’ आलं तर सहा महिने कुठल्याही पोर्टलवर काहीही भरायचं नाही. त्यानंतर दत्तकाची नोंदणी करायची का दोघांनीच राहायचं, ते त्या वेळी जे दोघं असतील ते ठरवतील. हॉस्पिटलला मेल केला आणि त्यात आवर्जून लिहिलं की रिपोर्टनंतर चार दिवस कुठलाही मेसेज पाठवू नये. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. आपोआप येतं तसंच, पण आलं.

आत्यांना सांगायचं राहिलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी बसून सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत, हे पहिल्यांदाच. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे वरची खोली आता रिकामीच ऱ्हायची म्हणा.” घर बांधताना ती पूर्वेची खोली कशासाठी काढली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिथे सध्या इस्त्रीचं टेबल आणि मामांनी पाठवलेल्या बेदाण्याच्या पेट्या असतात. मी म्हणाले, सध्या तरी. त्यांनी थोडा विचार केला. “वालचंद कॉलेजातल्या पोरी खोल्या बघत हिंडत्यात. दोघींना द्या. घरात जरा आवाज हुईल, आन हप्त्याला हातभार. उद्या लागलीच खोली, तर अकरा महिन्यांचाच कागद करायचा असतो न्हवं?”

नवरा भाडं चार हजार म्हणतो. आत्यांच्या मते पोरींना जेवणासकट द्यावी आणि सहा घ्यावेत. त्यावर अजून एकमत नाही.